विश्लेषण : ‘पोलंड सिंड्रोम’मधले पोलंड कोण? लंडनमधल्या एका विद्यार्थ्याची, एका कैद्याची आणि न वाढलेल्या स्तनाची गोष्ट

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडमधल्या एखाद्या प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात १५-१६ वर्षांची मुलगी आईबरोबर येते. एका बाजूचा स्तन वाढलाच नाही, ही तक्रार. ती सांगते आई. मुलगी बहुतेक वेळ जमिनीकडे बघत असते. तपासणी होते, सोनोग्राफी होते आणि कागदावर निदान लिहिले जाते : पोलंड सिंड्रोम. परतताना लोकलमध्ये मोबाइलवर शोधावे तर आधी युरोपातला देश समोर येतो. हा आजार तिकडून आला का, तिकडच्या लोकांना होतो का, असे प्रश्न मग डॉक्टरांना पुढच्या भेटीत ऐकावे लागतात. वस्तुतः या नावाचा त्या देशाशी काडीचा संबंध नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. तो माणूस कोण होता, त्याने नेमके काय पाहिले आणि जे पाहिले त्यात स्त्रीचा स्तन कुठेच नसताना हे नाव मुलींच्या कागदावर कसे आले, हे समजून घेतले तर या स्थितीबद्दलची निम्मी भीती कमी होते.

सिंड्रोम म्हणजे नेमके काय?

छातीवर पुढच्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला मोठा स्नायू असतो. त्याला पेक्टोरॅलिस मेजर म्हणतात. व्यायामशाळेत जाणारी मुले ज्याला नुसते ‘चेस्ट’ म्हणतात, तोच हा. त्याच्याखाली एक लहान स्नायू असतो, पेक्टोरॅलिस मायनर. पोलंड सिंड्रोममध्ये जन्मतःच एका बाजूच्या मोठ्या स्नायूचा, विशेषतः छातीच्या मधल्या हाडापासून निघणारा भाग तयार झालेला नसतो. लहान स्नायूही अनेकदा नसतो. त्याच बाजूचे स्तनाग्र लहान आणि वर सरकलेले असते. मुलीत त्या बाजूचा स्तन फार छोटा राहतो किंवा वाढतच नाही. काखेतले केस विरळ असतात, काहींच्या एक-दोन बरगड्या अपुऱ्या असतात आणि काहींच्या त्याच बाजूच्या हाताची बोटे आखूड किंवा एकमेकांना जुळलेली असतात. हे सगळे एकाच व्यक्तीत असेलच असे नाही. एखादीत फक्त स्तनाचा फरक दिसतो आणि स्नायू नाही हे तपासणीतच कळते. साधारण ३० हजार जन्मांत एक असे प्रमाण नेहमी सांगितले जाते. पण वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा ७ हजारांत एक ते १ लाखात एक इतका पसरलेला आहे, कारण सौम्य प्रकार डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत. स्थिती मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त आढळते आणि उजवी बाजू अधिक वेळा बाधित असते.

आल्फ्रेड पोलंड कोण होते?

आल्फ्रेड पोलंड यांचा जन्म १८२२चा, लंडनचा. शिक्षण काही काळ इंग्लंडमध्ये, काही काळ पॅरिस आणि फ्रँकफुर्टमध्ये झाले. १८३९ मध्ये ते लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये चार्ल्स ॲस्टन की या शल्यविशारदांच्या हाताखाली उमेदवारीला लागले. त्या काळी डॉक्टर होण्याचा हाच रुळलेला रस्ता होता : मोठ्या सर्जनच्या मागे फिरायचे, त्याच्या शस्त्रक्रिया जवळून बघायच्या, मृतदेहांचे विच्छेदन करून शरीररचना हाताने शिकायची.

गायज् हॉस्पिटल १७२५ पासून चालू होते. थेम्सच्या दक्षिण काठावरच्या गरीब वस्तीचा आधार असलेले हे रुग्णालय पोलंड तिथे आले तेव्हा सर ॲस्टली कूपर यांच्या नावाने ओळखले जात होते. कूपर म्हातारे झाले होते, पण १८४० मध्ये त्यांनी स्तनाच्या शरीररचनेवर एक मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. स्तनाला आतून धरून ठेवणाऱ्या तंतूंना आजही कूपर यांचेच नाव आहे. मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेली मुलेमुली हे नाव पाठ करतात. (जुहूच्या कूपर रुग्णालयाशी मात्र त्यांचा संबंध नाही.) कूपर १८४१च्या सुरुवातीला वारले. त्याच वर्षी, त्याच रुग्णालयाच्या वार्षिकात, १८-१९ वर्षांच्या पोलंडचा छोटा लेख छापून आला. स्तनावरचा सर्वात मोठा ग्रंथ आणि स्तनाच्या जन्मजात अभावाशी पुढे ज्याचे नाव जोडले गेले तो लेख, दोन्ही एकाच इमारतीतून वर्षभराच्या आत बाहेर पडले. दोघांचा एकमेकांशी संबंध मात्र कोणी जोडला नाही. जोडण्यासारखे तेव्हा काही दिसतही नव्हते, कारण पोलंडच्या टेबलावर होता तो पुरुषाचा देह.

जॉर्ज एल्टच्या छातीत काय नव्हते?

त्या पुरुषाचे नाव जॉर्ज एल्ट. वय २७, तुरुंगात असलेला कैदी. मृत्यूनंतर त्याचा देह विच्छेदनासाठी गायज् हॉस्पिटलमध्ये आला. १८३२च्या कायद्याने इंग्लंडमध्ये तुरुंग, अनाथालये आणि रुग्णालयांतले बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय झाली होती. त्याआधी फक्त फाशी दिलेल्या खुन्यांचे देह कायदेशीर मिळत आणि उरलेली गरज स्मशानातून चोरलेल्या देहांवर भागवली जाई. (आपल्याकडे बेवारस देहांसाठी मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियम १९४९चा. ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्याच देहावर डॉक्टर शिकतात, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी.)

पोलंडने छाती उघडली तेव्हा डाव्या बाजूला मोठ्या स्नायूचा गळपट्टीच्या हाडापासून निघणारा भाग जागेवर होता, पण मधल्या हाडापासून आणि बरगड्यांपासून निघणारा भाग नव्हता. खालचा लहान स्नायू पूर्ण गायब. बाजूच्या बरगड्यांना खांद्याच्या पात्याशी बांधणारा स्नायूही बराचसा नव्हता. त्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक होत्या. आणि डाव्या हाताची बोटे आखूड, जुळलेली; बहुतेक बोटांतले मधले हाडच नव्हते. एल्ट जिवंत असताना डावा हात छातीवरून उजवीकडे आणू शकत नसे, हीसुद्धा माहिती पोलंडने नोंदवली. एका विद्यार्थ्याने मृतदेहातल्या न सापडलेल्या स्नायूचा जिवंत माणसाच्या हालचालीशी धागा जोडला, हे या लेखातले मला सगळ्यात मोलाचे वाटते. पुष्कळ जण अशा वेळी ‘अपवाद’ म्हणून पुढे गेले असते.

लेखाचा भर छातीच्या स्नायूंवर होता. हाताला त्यात फार जागा मिळाली नाही. पण तो हात वेगळा करून रुग्णालयाच्या संग्रहालयात काचेच्या बरणीत ठेवला गेला. त्या बरणीचा पुढे उपयोग झाला.

असे का होते? आईने काय चुकवले?

काहीही नाही. हा प्रश्न प्रत्येक आई विचारते म्हणून उत्तर आधी. दुभंगलेल्या ओठापासून जुळलेल्या बोटांपर्यंत प्रत्येक जन्मजात वेगळेपणाचे खापर आपल्याकडे ग्रहणात काही चिरले, काही कापले यावर फोडले जाते. अजूनही गरोदर बाईला ग्रहणकाळात खोलीत बसवून ठेवणारी घरे उपनगरांतल्या उंच इमारतींतही आहेत. पोलंड सिंड्रोमशी ग्रहणाचा, खाण्याचा, कामाचा संबंध नाही.

सध्या सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण रक्तवाहिनीचे आहे. गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात, म्हणजे अनेकदा दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते तेव्हा, छातीच्या एका बाजूच्या आणि त्याच हाताच्या कळीला रक्त देणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीच्या शाखेत अडथळा येतो. अडथळा कुठे आणि किती काळ, यावर स्नायू, स्तन, बरगड्या, बोटे यांतले काय किती अपुरे राहील ते ठरते. १९८६ मध्ये हा सिद्धांत नीट मांडला गेला. पोलंडने १८४१ मध्येच वाहिन्या बारीक असल्याचे लिहून ठेवले होते, हे इथे आठवावे. बहुतेक कुटुंबांत ही स्थिती एकाच व्यक्तीत दिसते. पुढच्या मुलाला ती होण्याची शक्यता फार कमी असते.

पोलंड यांचे पुढे काय झाले?

त्या लेखामुळे पोलंड प्रसिद्ध झाले असे अजिबात नाही. ते गायज् हॉस्पिटलमध्येच राहिले, शरीररचनाशास्त्र शिकवू लागले, १८४९ मध्ये सहायक शल्यविशारद झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि त्यांचे गुरू ॲस्टन की त्यात गेले. पोलंड डोळ्यांच्या शस्त्रक्रियेकडेही वळले; मूरफील्ड्सच्या नेत्ररुग्णालयात त्यांनी काम केले. १८५३ मध्ये पोटाच्या जखमांवरील निबंधासाठी त्यांना लंडनच्या मेडिकल सोसायटीचे फॉदरगिल सुवर्णपदक मिळाले. १८६१ मध्ये ते गायज् हॉस्पिटलचे पूर्ण शल्यविशारद झाले. समकालीनांना ठाऊक असलेले पोलंड हे होते : जखमा, डोळे, अध्यापन.

त्यांच्या कारकिर्दीच्या काळात शस्त्रक्रिया आतून बाहेरून बदलली. ते विद्यार्थी असताना रोग्याला शुद्धीत धरून, बांधून कापले जाई. १८४६च्या अखेरीस लंडनमध्ये ईथर आले. वेदनेवाचून शस्त्रक्रिया शक्य झाली. १८६७ मध्ये लिस्टर यांनी जखमेतले जंतू मारण्याची पद्धत जाहीर केली. एल्टसारखा माणूस किंवा त्याच स्थितीतली एखादी बाई १८४१ मध्ये पोलंडसमोर जिवंत आली असती तरी तिच्यासाठी करण्यासारखे काहीच त्यांच्या हातात नव्हते. भूल नाही, जंतुनाशन नाही. निव्वळ आकारासाठी छाती उघडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. तेव्हा वर्णन करून ठेवणे एवढेच शक्य होते, आणि ते त्यांनी नीट केले.

१८७२च्या ऑगस्टमध्ये क्षयाने पोलंड यांचा मृत्यू झाला. वय सुमारे ५०. क्षयाचा जंतू सापडायला अजून १० वर्षे होती.

पुण्याची युक्ती छातीपर्यंत कशी पोहोचली?

नसलेला स्तन बनवायचा तर काहीतरी आणून तिथे भरावे लागते, आणि आणलेली गोष्ट जगायची तर तिचा रक्तपुरवठा चालू राहावा लागतो. ही दुसरी अट ओलांडण्याची युक्ती महाराष्ट्राला जुनी आहे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या कुंभार जातीतल्या एका वैदूने कपाळाची कातडी, एका टोकाला रक्तवाहिन्यांसह जोडलेली ठेवूनच, खाली वळवून त्याला नवे नाक केले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली, ती वाचून तिथल्या कार्प्यू या सर्जनने २० वर्षांनी तीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात नव्या प्लास्टिक सर्जरीची सुरुवात झाली. त्या वैदूचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

छातीसाठी हीच युक्ती पाठीकडून वापरली जाते. पाठीवर लॅटिसिमस डॉर्सी नावाचा रुंद स्नायू असतो. इटलीतल्या तान्सिनी या सर्जनने १९०६ मध्ये तो स्नायू वरच्या कातडीसह, काखेतली रक्तवाहिनी न तोडता, काखेखालून पुढे आणून कर्करोगासाठी स्तन काढलेल्या छातीवर बसवण्याची रीत सांगितली. ती मागे पडली आणि १९७०च्या दशकात पुन्हा उचलली गेली. पोलंड सिंड्रोममध्ये हा स्नायू दुहेरी उपयोगी पडतो : काखेपुढची बसलेली खाच भरून निघते आणि आत बसवलेल्या इम्प्लांटवर पांघरूण मिळते. मात्र पाठीचा हा स्नायूही काही रुग्णांत जन्मतः अपुरा असतो. म्हणून आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून तो आहे ना, हे बघावे लागते. हे न बघता ठरवलेली शस्त्रक्रिया टेबलावर अडते.

१९६२ : नाव आणि इम्प्लांट एकाच वर्षी

पोलंड यांच्या मृत्यूनंतर ९० वर्षे त्यांचे नाव या स्थितीला नव्हते. गायज् हॉस्पिटलमधलेच प्लास्टिक सर्जन पॅट्रिक क्लार्कसन यांच्याकडे छातीचा स्नायू नसलेले आणि त्याच बाजूची बोटे जुळलेले रुग्ण आले. जुने वार्षिक चाळताना पोलंडचा लेख सापडला आणि संग्रहालयात एल्टचा हातही. क्लार्कसन यांनी १९६२ मध्ये याच रुग्णालयाच्या वार्षिकात लेख लिहून जुळलेल्या बोटांच्या या प्रकाराला पोलंडचे नाव दिले. पुढच्या काही वर्षांत इतरांनी त्याचे ‘पोलंड सिंड्रोम’ केले. रुग्णालयाचा अभिमान यात थोडा असणारच. आपल्याच संस्थेतला जुना विद्यार्थी सापडला तर कोण सोडेल?

वाद इथे सुरू होतो. फ्रान्समधल्या लालमाँ यांनी १८२६ मध्ये आणि बर्लिनच्या फ्रोरिप यांनी १८३९ मध्ये अशा व्यक्तींचे वर्णन आधीच केले होते. फ्रोरिप यांचे वर्णन एका स्त्रीचे होते. म्हणजे न वाढलेला स्तन वैद्यकीय वाङ्मयात पोलंडच्या दोन वर्षे आधी आलेला होता. पण नाव मिळाले ते ज्या लेखात स्तनाचा प्रश्नच नव्हता त्या लेखाला. काही इतिहासकारांनी पोलंडवर याचे बोट ठेवले आहे. मला ते अन्यायाचे वाटते. त्यांनी स्वतःचे नाव कुठे लावले नव्हते. मेल्यावर ९० वर्षांनी ते चिकटवले गेले. मात्र नावामुळे एक नुकसान झाले. पुढची अनेक वर्षे डॉक्टर आधी हात बघत राहिले आणि बोटे ठीक असलेल्या मुलींचे निदान ‘एक स्तन जरा लहान’ एवढ्यावर थांबले.

योगायोग असा की त्याच १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये क्रोनिन आणि गेरो या सर्जननी पहिला सिलिकॉन इम्प्लांट स्त्रीच्या छातीत बसवला. ज्या वर्षी या स्थितीला नाव मिळाले त्याच वर्षी तिच्यावरचा एक उपायही मिळाला.

इम्प्लांटचा इतिहास सरळ नाही. सुरक्षिततेच्या शंकांमुळे अमेरिकेत सिलिकॉनचे इम्प्लांट १९९२ ते २००६ बहुतांश बंद होते. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाचे काही प्रकार एका दुर्मीळ लसिका-कर्करोगाच्या संबंधामुळे जगभर परत मागवले गेले. इम्प्लांट आयुष्यभराचा नसतो. भोवती शरीर घट्ट कोष तयार करते, तो आवळतो, कधी इम्प्लांट फुटतो; काही वर्षांनी बदलावा लागू शकतो. विशीतल्या मुलीला हे आधी सांगितलेच पाहिजे.

दुसरा मार्ग स्वतःच्या चरबीचा. पोट किंवा मांडीतून चरबी ओढून, स्वच्छ करून छातीत बारीक धारेने भरली जाते. भरलेल्यातली बरीच विरघळते, म्हणून दोन-तीन बैठका लागतात. पोलंड सिंड्रोममध्ये कातडी पातळ आणि ताणलेली असते, त्यामुळे चरबीने आधी जागा मऊ करून मग पुढचे ठरवणे अनेक सर्जनना सोयीचे वाटते. अगदी बारीक मुलीत पुरेशी चरबीच मिळत नाही, ही वेगळी अडचण.

सगळ्याच वेगळ्या स्तनांना पोलंड म्हणायचे का?

नाही. दोन्ही स्तनांत थोडा फरक हा नियमच आहे, अपवाद नव्हे. त्याला कोणत्याही उपायाची गरज नसते. स्नायू व्यवस्थित असून एक स्तन खूपच लहान असेल तर त्याला निव्वळ अपुरी वाढ म्हणतात. आणखी एक प्रकार १९७६ मध्ये रीस आणि ॲस्टन यांनी वर्णन केला : ट्यूबरस, म्हणजे कंदासारखा स्तन. यात स्तनाचा पाया अरुंद असतो, खालचा भाग आखूड राहतो आणि आतल्या एका घट्ट कड्यामुळे सगळी वाढ स्तनाग्राभोवतीच्या गडद भागातून पुढे ढकलली जाते. तिथे नुसता इम्प्लांट घातला तर आकार आणखी विचित्र दिसतो. आधी ते कडे आतून चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देऊन सैल करावे लागते, मग खाली जागा करून भर घालायची आणि पसरलेला गडद भाग लहान करायचा. अशा काही स्त्रियांना पुढे दूध कमी येते. ते शस्त्रक्रियेमुळे की ग्रंथीच अपुरी असल्यामुळे, हे वेगळे करणे सोपे नसते. त्यामुळे आधीच बोलून ठेवलेले बरे.

साधी तपासणी घरीही कळण्यासारखी आहे. दोन्ही तळहात कमरेवर घट्ट दाबले की काखेची पुढची कड ताठ होते. एका बाजूला ती ताठ झाली नाही तर स्नायूचा प्रश्न असू शकतो. मग डॉक्टरांकडे जावे. डावी बाजू बाधित असेल तर हृदयाची जागाही तपासतात, कारण काहींचे हृदय उजवीकडे सरकलेले असते. लहान राहिलेल्या स्तनातही गाठ होऊ शकते. म्हणून पुढे वयानुसार तपासणी दोन्ही बाजूंची.

वय किती असावे?

‘लग्नाआधी उरकून टाका’ हे वाक्य या दवाखान्यांत वारंवार ऐकू येते. स्थळ आले की घाई होते. पण दुसरा स्तन पूर्ण वाढल्याशिवाय पहिल्याचा आकार कशाशी जुळवायचा? म्हणून अंतिम शस्त्रक्रिया साधारण १८ वर्षांनंतर करतात. तोवर संमतीपत्रावर मुलीची स्वतःची सहीही चालते. फरक फार मोठा असेल आणि मुलगी शाळेत जायलाच नको म्हणू लागली, पोहणे-खेळणे सोडून बसली, तर त्याआधी कातडीखाली एक्सपांडर नावाची रिकामी पिशवी ठेवून ती दुसऱ्या बाजूच्या वाढीप्रमाणे सलाइनने थोडी थोडी भरता येते. शस्त्रक्रिया नकोच असेल तर ब्राच्या आत ठेवायची कापसाची किंवा सिलिकॉनची गादी मिळते. तीवर वर्षे काढणाऱ्या आणि समाधानी असणाऱ्या स्त्रिया आहेत. उपचार न करणे हासुद्धा योग्य निर्णय असू शकतो. तो आईने किंवा होणाऱ्या सासरच्यांनी घ्यायचा नसतो.

मुंबईत सोय कुठे, खर्च कोण देणार?

मुंबईत प्लास्टिक सर्जरी रुजवणाऱ्यांत डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) हे ठळक नाव. ब्रिटनमध्ये शिकून आलेल्या अंतियांनी जे. जे. रुग्णालयात हा विभाग उभा केला आणि आपले कौशल्य वापरले ते कुष्ठरुग्णांची बसलेली नाके, वाकडी बोटे सरळ करायला. प्लास्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांची हौस, ही समजूत त्यांच्या कामाने खोटी ठरवली. तरी ती अजून टिकून आहे. आज जे. जे.बरोबर महापालिकेच्या केईएम, शीव आणि नायर रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. मुलुंड-घाटकोपरकरांना शीव जवळ; बोरिवलीहून परळ गाठायचे तर सकाळची गर्दीची लोकल. इम्प्लांटची किंमत सरकारी रुग्णालयातही बहुधा रुग्णाला भरावी लागते, हे आधीच विचारून घ्यावे.

विमा हा खरा अडसर आहे. विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या वगळणुकीत सौंदर्य किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च नाकारण्याची तरतूद आहे. तिला अपवाद तीन : अपघात, भाजणे आणि कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, शिवाय प्रकृतीला थेट आणि तातडीचा धोका असेल तेव्हाचे उपचार. जन्मजात अभावाचा त्यात उल्लेख नाही. शिवाय बाहेरून दिसणारे जन्मजात दोष अनेक पॉलिसी वेगळे काढतात. परिणामी कर्करोगाने गेलेला स्तन पुन्हा करण्याचा खर्च मिळू शकतो, जन्मतःच न मिळालेल्या स्तनाचा नाही. लहान मुलांच्या जन्मजात दोषांसाठी केंद्राचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयदोष आहेत, स्तनाचा दोष नाही. तो दिसू लागतो बाराव्या-तेराव्या वर्षी आणि तेव्हा घरात त्याबद्दल बोलत नाहीत. दावा करायचाच असेल तर सर्जनच्या पत्रात बरगड्यांचा अभाव, खांद्याच्या हालचालीतली मर्यादा, मणक्याचा कल असे जे खरोखर असेल ते मोजमापांसह लिहून घ्यावे आणि पूर्वपरवानगीसाठी आधी पाठवावे.

एल्टसारखे मुलगेही येतात. त्यांची संख्या वास्तवात जास्त, पण शर्टाखाली झाकले जात असल्याने ते उशिरा येतात. व्यायामशाळेत वर्षभर वजने उचलूनही एकच बाजू भरत नाही, म्हणून. नसलेला स्नायू व्यायामाने येत नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे लागते.